पालखीची यादी पुरी कधी येते

८ फेब्रुवारी, रविवार

देवळातल्या बैठकीत भांडलो. भांडायचं नाही असं ठरवून गेलो होतो. दहा मिनिटं टिकलो.

झालं असं. शिमग्यात पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या घरी, ही यादी यंदा वहीऐवजी मोबाईलवर. ॲप मी केलंय. घरं सत्त्याऐंशी, क्रम मानाप्रमाणे. तात्यांचं घर पहिल्या मानाचं, आजच नव्हे, कायमचं. तात्यांनी सगळ्यांसमोर ॲप उघडलं, चष्मा कपाळावर घेतला, फोन नाकाजवळ धरला, आणि वर पहिलं नाव शांताराम पाष्टेचं. खालच्या वाडीतला. मानाने एकसष्टावा.

"पाष्ट्यांना पहिला मान कधीपासून?" तात्या.

शांताराम उभाच राहिला. "मी काय नाय केलं हो तात्या. मला तर ते उघडतापण येत नाय."

मी ओरडून सांगतोय, थांबा, यादी अजून येतेय, पुरी आली की तुमचं नाव आपोआप वर जाईल. गेलंसुद्धा. पण तोवर फोनकडे बघतंय कोण. सगळे एकमेकांकडे बघत होते. बाळा सावंत म्हणाला, "कॉलेज अर्धं, यादीपण अर्धी." त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. देवळात बोलायचं नव्हतं एवढं खरं.

वही परत काढायची असं ठरत आलं होतं. तेव्हा मृ. उठली. (मृणाल. तात्यांची मुलगी. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. सत्त्याऐंशी नावं तिनेच टाकली आहेत.) म्हणाली, "क्रम बरोबर आहे, मी तपासलाय. होळीच्या होमाच्या आधी एकदा परत बघा. चुकलं तर जबाबदारी माझी."

बापासमोर. गावासमोर.

तात्यांनी फोन खाली ठेवला. "एक मार्चला बघू. पुन्हा असं झालं तर दोघांनीही देवीच्या कामात पडायचं नाही."

जबाबदारी माझी म्हणाली. सुकटीची चटणी आणि भाकरी झाली, तरी तेच डोक्यात.

९ फेब्रु., सोम.

दुकानात. नझीरभाईंना सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी सरांशी वाजलं आणि डिप्लोमा सोडला, तेव्हापासून मी यांच्याकडे मोबाईल दुरुस्तीला. मालक आहेत, पण ओरडतात काकांसारखे.

त्यांच्या खणात लोकांनी परत न नेलेले जुने फोन आहेत, सोळा-सतरा. त्यातले चालू होतात तेवढ्यांवर ॲप घातलं. इथे रेंज भरपूर, यादी पटकन येते, चूक दिसतच नाही. मुद्दाम नेट हळू केलं तेव्हा दिसली. नावं सर्व्हरवरून वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी येतात, मृ.ने ज्या क्रमाने टाकली त्या क्रमाने. पहिला गठ्ठा आला की ॲप लगेच दाखवून मोकळं. शेवटचा आला की मग मानाप्रमाणे लावतं. मृ.ने सुरुवात खालच्या वाडीपासून केलेली. म्हणून शांताराम.

नझीरभाई बघत होते. "अरे बाबा, तू भात शिजायच्या आधीच झाकण काढतोस."

बरोबर. यादी पुरी येईपर्यंत झाकण ठेवायचं, म्हणजे ते गोल फिरणारं चक्र. पुरी आली की काढायचं. एवढं सोपं.

फक्त पुरी आली हे ॲपला कळणार कसं?

११ फेब्रु., बुध.

सोपा उपाय केला. तीन सेकंद झाकण, मग यादी. दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन मृ.ला दाखवलं.

"तीनच का?"
"अंदाज."
"आमच्या घरी सात लागतात. काल मोजले."
"मग दहा ठेवतो."
"आणि खालच्या वाडीत पंधरा लागले तर? आणि शहरात एकातच आली तर उरलेले नऊ सेकंद लोकांनी काय हात जोडून बसायचं?"

मी म्हटलं तूच कर मग. आणि निघालो. गाडीपाशी आल्यावर कळलं, हेल्मेट तिच्या टेबलावर. परत गेलो. तिने पुढे केलं. हसत होती. मी हसलो नाही. म्हणजे वळणावर गेल्यावर हसलो.

ती बरोबर बोलते याचा राग येतो की ती बोलते याचा आनंद होतो, काही समजत नाही.

१५ फेब्रु., रवि.

जमलं!! मोजायचं. एक-एक ओळ पडद्यावर मांडली की आकडा एकाने वाढवायचा. जेवढी घरं तेवढा आकडा झाला की झाकण दूर. अंदाज नाही, हिशोब. आमच्या वाडीची नऊ घरं घालून बघितलं. नऊ झाले, झाकण गेलं, यादी समोर. परत केलं. परत तेच. आईला दाखवलं. आई म्हणाली, "आधी जेव."

सत्त्याऐंशी घरं घातली आणि मृ.ला पाठवलं.

तिचा मेसेज: फिरतंय.
अर्ध्या तासाने: अजून फिरतंय.
जेवण झाल्यावर: मी भांडी घासून आले. फिरतंय.

१६ फेब्रु., सोम.

माउस फेकला. भिंतीला लागला, फुटला नाही. नझीरभाईंनी उचलून परत माझ्यापुढे ठेवला. त्यानेच जास्त लाज वाटली.

दुपारी उलगडलं. लिस्ट व्ह्यू, म्हणजे ॲपमधला यादी दाखवणारा भाग, सगळ्या ओळी मांडतच नाही. पडद्यावर मावतात तेवढ्याच मांडतो. या फोनवर अकरा. बाकी शहात्तर घरांच्या ओळी बनलेल्याच नसतात. बोटाने यादी वर सरकवली की वर गेलेली ओळ रिकामी करून तीच खाली पुढच्या नावाला वापरतो. म्हणजे न सरकवता सत्त्याऐंशी कधीच होणार नाहीत, आणि सरकवत बसलं तर दीडशेसुद्धा होतील.

नऊ का जमली? नऊ पडद्यावर मावतात. आमची वाडी लहान म्हणून मी हुशार.

नझीरभाईंना समजावलं. म्हणाले, "म्हणजे लग्नातल्या ताटांसारखं. ताटं अकराच, धुऊन धुऊन पंगती उठवायच्या. ताटं मोजून माणसं किती जेवली ते कळेल काय?"

नाही कळणार. हे मला दोन दिवस लागले, त्यांना चहा संपायच्या आत.

१९ फेब्रु., गुरु.

मृ. लांज्याला मामाकडे. तीन दिवस. ग्रामपंचायतीवरून दोनदा गेलो, काही काम नव्हतं. तिच्या खुर्चीवर ग्रामसेवकाची पिशवी.

दुकानात एका गिऱ्हाइकाशी वाजलं. फोन समुद्राच्या पाण्यात पाडला आणि म्हणतो आपोआप बंद झाला. मी म्हटलं, बॅटरीतून वाळू पण आपोआप आली काय. नझीरभाईंनी मला चहा आणायला पाठवलं. चहा आधीच आलेला होता.

बाबांचा फोन. बोटीवरून, आवाज तुटत होता. कॉलेजचं विचारलं. मी म्हटलं ऐकू येत नाही. येत होतं.

दहा दिवस उरलेत. माझं काय, मला लोक दोन दिवस हसतील. पण ती घरात बसून ऐकणार, रोज, जेवताना.

२१ फेब्रु., शनि.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

मृ. आली असं कळलं. आईने तात्यांकडून पावट्याचं बी आणायला सांगितलं होतं, गेल्या महिन्यात. आज आठवलं. गेलो. तात्या पडवीत पालखीचे गोंडे दुरुस्त करत बसलेले. मृ. आत. बी आणायला कुणी उठेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तात्या, खालच्या वाडीतली घरं झाली की पालखी शिवेवर येते. तिथून वरच्या वाडीचे लोक खांद्यावर घेतात. पण सगळी घरं झाली हे त्यांना कळतं कसं? मोजतात?"

तात्यांनी असं बघितलं की मी बी परत नेऊन द्यावं, जे मला अजून मिळालंच नव्हतं.

"मोजतोय कोण? खालच्या वाडीचा मानकरी शिवेवर विडा ठेवतो आणि सांगतो, आमच्याकडची झाली. ते ऐकल्याशिवाय वरच्यांचा खांदा लागत नाही."

"आणि एखादं घर राहिलं असलं तर?"

"ते देणाऱ्याने बघायचं. घेणाऱ्याने कशाला दारं मोजत फिरायचं?"

मृ. चहा घेऊन दारात आली होती. तिथेच थांबली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. एकाच वेळी कळलं दोघांना. मी मोजत होतो घेणाऱ्याकडे. सांगायला पाहिजे देणाऱ्याने.

"शेवटच्या गठ्ठ्यावर," मृ. म्हणाली.
"खूण," मी म्हटलं.

तात्या: "काय झालं दोघांना?"

मी आणखी विचारलं, "सांगितलं की झालं? पालखी वरच्या वाडीत आली म्हणायची?"
"नाय रे. पहिल्या घरात पाटावर बसली की आली. तोवर वाटेतच."

मृ.ने दिलेला चहा सांडला माझ्या हातून. गोंड्यांवर नाही, देवीची कृपा. बी न घेताच आलो. आई ओरडली.

२२ फेब्रु., रवि.

सकाळपासून बसलो. आधी देणाऱ्याचं काम. सर्व्हर शेवटच्या गठ्ठ्याबरोबर खूण पाठवतो, "झाली". तोवर ॲप आलेली नावं हातात धरून ठेवतं, यादीला काही देत नाही. खूण आली की मानाप्रमाणे लावतं आणि सगळी एकदम यादीला देतं. मग पाटावर बसायचं. लिस्ट व्ह्यू ओळी मांडून झाल्या की स्वतःच निरोप देतो, मांडणी झाली म्हणून. तो आला की झाकण काढायचं. मोजणी कुठे नाहीच.

खणातल्या पाच फोनांवर चाललं. मृ.ला पाठवलं. तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

"तुझं ॲप म्हणतंय गावात घरच नाही."
"काय?"
"चक्र गेलं, पांढरा पडदा. मग घरं आली. मधे सगळा गाव गायब."

शोधलं. ॲप उघडल्या उघडल्या यादी रिकामी असते, आणि रिकामी यादी मांडून झाली तरी तो भाग निरोप देतोच. शून्य ओळी, पण मांडल्या ना. त्याच्या हिशोबाने काम चोख. मी त्यालाच खरा निरोप समजलो. मग घातलं: निरोप आला की आधी बघ, पडद्यावर ओळ आहे का, आणि सगळ्यात वरची पहिल्या मानाची आहे का. नसली तर ऐकत राहा.

"बघ आता," मी म्हटलं. ती थांबली फोनवर. मागे कोंबड्यांचा आवाज. दोघेही चक्राकडे बघत, ती तिकडे, मी इकडे.

"आली," ती म्हणाली. हळू. नुसतं एवढंच.

२५ फेब्रु., बुध.

आणखी एक निघालं. खरा निरोप मिळाल्यावर ऐकणं बंद करायला विसरलो होतो. बोट लावून यादी सरकवली की मांडणी नव्याने होते, परत निरोप, परत ॲपला वाटतं आत्ताच आली, की चालली यादी पहिल्या मानावर. शांताराम पाष्टे तीन दिवस स्वतःच्या घरापर्यंत पोचू शकला नाही. मला म्हणाला, "माझं घर काढून टाकलंत काय? मी खरंच काय केलं नव्हतं हो."

एका ओळीचं काम होतं. केलं. शांतारामने समोर यादी सरकवली, एकसष्टावर आला, आणि फोनला नमस्कार केला.

मृ. विचारते, मधेच रेंज गेली, खूण आलीच नाही तर? चक्र फिरतच राहणार. आधीची पुरी आलेली यादी जपून ठेवायची, ती दाखवायची आणि वर लिहायचं, ही कालची. तिनेच सुचवलं. माझ्या डोक्यात नव्हतं. कबूल.

१ मार्च, रविवार

बैठक. इस्त्रीचा शर्ट. भांडायचं नाही असं मृ.ने बजावलेलं, मी ठरवलेलं नव्हे.

तात्यांनी फोन काढला. चक्र. देवळात आज रेंजची एकच दांडी, तीपण येऊन जाऊन. चक्र फिरतंय. जमलेले सगळे तात्यांच्या खांद्यावरून वाकून बघतायत. बाळा म्हणाला, "फिरतंय बघा, गरगर, कॉलेजातून फिरला तसं." हसले सगळे.

माझं तोंड उघडलं. मृ.ने वर बघितलं. मी तोंड मिटलं. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं. तिचे हात ओढणीच्या टोकात गुंडाळलेले. तिथे कळलं, घाबरली आहे. आजवर कधी दिसली नव्हती तशी.

आणि यादी आली. एकदम, सगळी. वर तात्या.

तात्या हसले बिसले नाहीत. बोट जिभेला लावून, वहीचं पान उलटतात तसं, एक एक नाव मोठ्याने वाचत खाली गेले. ओलं बोट लागलं की फोन ऐकत नाही, धोतराला पुसून परत. सत्त्याऐंशी. दोन बंद घरंसुद्धा, मुंबईवाल्यांची, जिथे पालखी नुसती अंगणात थांबते. शेवटचं नाव वाचून झालं. परत वर गेले. वर तेच.

"आहे," म्हणाले. फोन खिशात.

बाळाने आपला उघडला, चौथ्या मानावर स्वतःला बघितलं आणि म्हणाला, "माझा फोटो नाय टाकता येत काय रे?"

मृ. बाहेर जाताना माझ्या जवळून गेली. "गप्प बसता येतं की तुला."

५ मार्च, गुरु.

पालखी बाहेर पडली. दुपारी साणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यापाशी, नाचवली, मी पण खांदा दिला, उजवा खांदा सुजलाय, छान वाटतंय. ढोल अजून कानात. मुंबईहून आलेले सगळे फोन हातात घेऊन. एरवी पालखी कुठवर आली विचारायला कुणाला तरी पळवायचे, आता यादीत बघतात. एक घर झालं की मृ. अंगणातूनच खूण करते, ते घर हिरवं होतं. ती पुढे, मी मागे. दिवसभर तिच्या मागे मागे हिंडलो आणि कुणी काही म्हणालं नाही, कारण काम आहे.

८ मार्च, रवि.

आज आमच्याकडे. आईने ओटी भरली, डोळे पुसले, बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी बोटीवरून हात जोडले. मागे त्यांचे दोन सोबती पण हात जोडून. मग बाबा म्हणाले, "यादी तू केलीस ना? इथे सगळ्यांना दाखवली." कॉलेजचं विचारलं नाही. मीच म्हटलं, जूनमध्ये बघतो फॉर्मचं. ऐकू येतंय ना, बाबा म्हणाले. येतंय, म्हटलं.

मृ. आमच्या पायरीवर बसून पाणी प्याली. तांब्या परत देताना आईला म्हणाली, "काकू, पावट्याचं बी राहिलंय तुमचं. मी ठेवलंय बांधून." आई माझ्याकडे बघत राहिली.

१३ मार्च, शुक्र.

शिवेवर. खालची वाडी संपली, विडा ठेवला, सांगितलं, वरच्यांनी खांदा लावला. मी घाम पुसत उभा. तात्या जवळ आले. पालखीकडे बघत, माझ्याकडे नाही:

"सोमवारी संध्याकाळी घरी ये. आईला घेऊन ये."

आणि गेले ढोलांमागे.

आईला?

१४ मार्च, शनि.

फोन केला मृ.ला.

"तात्यांनी कशाला बोलावलंय?"
"मला काय माहीत."
"यादीचं असेल?"
"असेल."
"यादीला आई कशाला लागते?"
"मी काय तात्या आहे? त्यांना विचार."
"तू काही बोललीस काय घरात?"

तिने विषयच बदलला.

"तो निळा शर्ट घालू नको," म्हणाली. "कॉलर गेलीय त्याची." ठेवला.

नझीरभाईंना सांगितलं. त्यांनी सोमवारची अर्धी सुट्टी न मागता दिली. "जा. आणि तिथे तोंड कमी उघड." मग हाक मारून, "दाढी कर रे."

१६ मार्च, सोमवार

साडेचार. दाढी केली, कापलं, कापूस लावलाय. पांढरा शर्ट.

आईने पातळ बदललं. हिरवं, लग्नाकार्याचं. विचारलं, हे कशाला? म्हणाली, "उन्हाळ्यात हलकं पडतं." हलकं नाहीये ते. दोन हातांनी घडी घालावी लागते.

मग काय न्यायचं यावर अर्धा तास. रिकाम्या हाताने जायचं नाही. नारळ नेला तर आम्ही विषय धरूनच आलो असं होईल, आणि त्यांनी यादीसाठीच बोलावलं असलं तर? मी म्हटलं काहीच नको, मी एकटा जातो, विचारून येतो. आई म्हणाली, "तू विचारशील आणि भांडून येशील."

शेवटी आमसुलं बांधली. यादीसाठीही चालतात, कशासाठीही चालतात. मग तिने देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला आणि पिशवीत तळाशी ठेवला, वर आमसुलं.

"आता तो कशाला?"

"असू दे तळाशी. काढायचा की नाही ते तिथे बघू."

दारात उभी आहे. हाका मारतेय. चाललो.